पिसारोच्या सफरचंदाच्या झाडाखालचं गवत राखाडी का पडतं?

तुमचा प्रश्न मला समजला तो असा. चित्रकार कामीय पिसारोच्या १८८८ मधल्या, फ्रान्समधल्या एरान्यी गावातल्या सफरचंद-तोडणीच्या चित्राची प्रतिकृती तुम्ही ३० × ३७ सेंटिमीटरच्या कॅनव्हासवर तेलरंगात करताय. ‘नवदृक्प्रत्ययवादी (निओ-इम्प्रेशनिस्ट, म्हणजे ठिपक्यांनी रंगवणारे त्या काळचे चित्रकार) रंग मिसळत नसत’ असं वाचल्यामुळे ट्यूबमधून निघालेले रंग तसेच, ठिपक्याठिपक्यांनी लावलेत. प्रत्येक रंगाशेजारी त्याचा विरोधी (रंगचक्रात समोरासमोर येणारा) रंगही न चुकता ठेवलाय. तरीही उन्हातलं गवत राखाडी दिसतंय आणि झाडाची सावली जमिनीत खड्डा पडल्यासारखी काळी दिसतेय. जवळून पाहिलं तर पुरळ उठल्यासारखं वाटतं, खोलीच्या दुसऱ्या टोकाला गेलं तरी ठिपके विरत नाहीत. कापसाच्या काडीने ठिपके द्यावेत का, ॲक्रिलिककडे वळावं का, शेवटी व्हार्निश मारावं का, हेही तुम्ही विचारलंय.

या सगळ्या तक्रारी एकाच गैरसमजातून निघतात. शुद्ध रंगाचे ठिपके शेजारी ठेवले की डोळ्यात त्यांच्या उजेडाची बेरीज होते आणि चित्र आपोआप लखलखतं, असं सर्रास सांगितलं जातं. प्रत्यक्षात रंगाच्या ठिपक्यांची बेरीज होत नाही, सरासरी होते. हा फरक नीट कळला की पुढचं सगळं आपोआप लागतं, म्हणून त्यावर थोडा जास्त वेळ घालवतो.

मोबाइलच्या पडद्यावर लाल आणि हिरवे बारीक दिवे एकत्र लागले की पिवळा दिसतो, कारण तिथे प्रकाशात प्रकाश मिळतो. कॅनव्हासवरचा ठिपका दिवा नाही. तो पडलेल्या उजेडातला थोडा भाग परत पाठवतो, आणि शेजारच्या ठिपक्याबरोबर जागा वाटून घेतो. अर्ध्या जागेत लाल आणि अर्ध्या जागेत हिरवा असेल, तर डोळ्यापर्यंत दोघांच्या मधला उजेड आणि दोघांच्या मधला रंग पोचतो: मळकट पिवळसर तपकिरी. पिवळ्या-निळ्या ठिपक्यांतून शाळेत शिकलेला हिरवा मिळत नाही, राखाडी मिळतो. विरोधी रंग समान प्रमाणात बारीक विखुरले की ते एकमेकांना मारतात. तुमच्या गवतात हेच झालंय. हिरव्याइतकेच लाल ठिपके पडलेत, म्हणून ते राखाडी आहे.

मग विरोधी रंगांचा एवढा बोलबाला कशासाठी? मिशेल शेव्हरल हा रसायनशास्त्रज्ञ पॅरिसच्या गोबलँ या भित्तिपट विणणाऱ्या कारखान्यात रंगाई विभागाचा प्रमुख होता. तिथले काही काळे रंग फिके निघतात अशी तक्रार होती. शोध घेतल्यावर त्याला दिसलं की दोष रंगात नाही, शेजारच्या धाग्यांच्या रंगात आहे. १८३९ मध्ये त्याने रंगांच्या परस्पर-विरोधावर ग्रंथ लिहिला. त्यात दोन वेगळ्या गोष्टी आहेत आणि लोक त्या एकत्र करतात. विरोधी रंगांचे मोठे तुकडे शेजारी आले तर दोघांना उठाव येतो. त्याच रंगांचे बारीक धागे एकत्र विणले तर कापड राखाडी दिसतं. पहिला नियम मोठ्या क्षेत्रांचा, दुसरा बारीक ठिपक्यांचा. तुम्ही पहिल्या नियमाची कृती दुसऱ्या नियमाच्या मापावर केलीत.

पिसारोचं चित्र याच दृष्टीने पाहा. मध्यभागी झाड, खाली काम करणारी माणसं, झाडाभोवती पसरलेली निळी-जांभळी सावली आणि तिच्या पलीकडे उन्हाने तापलेली पिवळसर-नारिंगी जमीन. निळ्या-जांभळ्यासमोर पिवळा-नारिंगी हा विरोध क्षेत्रा-क्षेत्रातला आहे, दोन मोठ्या आकारांमधला. सावलीच्या आत मात्र बहुतेक ठिपके एकमेकांचे नातेवाईक आहेत: निळा, जांभळा, गडद हिरवा, थोडा गुलाबी. उन्हाच्या आतही तसंच. प्रत्येक क्षेत्र आतून एका सुरात आणि क्षेत्राक्षेत्रांत विरोध, अशी ती रचना आहे. चित्र झगमगतं ते त्यामुळे.

आता काही गोष्टी परिस्थितीवर अवलंबून आहेत, त्या आधीच सांगून टाकतो. तुमच्यासमोरचं छापील चित्र किंवा पडद्यावरचं चित्र मूळ रंग दाखवत नाही. दोन वेगवेगळ्या छापील प्रती शेजारी ठेवल्यात तर सावली एकीत जांभळी आणि दुसरीत निळी दिसेल. मूळ चित्र अमेरिकेत डॅलसच्या कलासंग्रहालयात आहे. त्यामुळे हुबेहूब ठिपका जुळवण्यामागे लागू नका, संबंध जुळवा: कोण कोणापेक्षा उजळ, कोण कोणापेक्षा उबदार. दुसरं, तुम्ही कोणत्या दिव्याखाली रंगवता. पिवळ्या बल्बखाली पिवळा आणि पांढरा यांतला फरक जवळजवळ नाहीसा होतो, निळा मरतो. दिवसाचा उजेड सर्वांत चांगला. रात्री काम करत असाल तर चार ते पाच हजार केल्विनचा (केल्विन म्हणजे उजेडाच्या छटेचं माप) पांढरा एलईडी लावा आणि चित्र शेवटी जिथे टांगणार आहात तिथल्या दिव्याखाली अधूनमधून तपासा. तिसरं, प्रतिकृती हुबेहूब हवी आहे की पद्धत शिकायची आहे. मी दुसरं गृहीत धरून लिहितोय.

‘ट्यूबमधला शुद्ध रंगच वापरायचा’ हा नियम आधी सोडा, कारण पुरळ त्यातूनच उठलंय. ही पद्धत सुरू करणारा चित्रकार झॉर्झ सरा याच्या रंगपट्टीवर वर्णपटाच्या क्रमाने रंग आणि त्यांच्याखाली पांढऱ्याचे ढीग असत, म्हणजे प्रत्येक रंगाच्या फिक्या छटा करता येत. वर्णपटात शेजारी असलेले रंग एकमेकांत मिसळणं चालत होतं, पांढरा मिसळणं चालत होतं. टाळायचं होतं ते विरोधी रंग रंगपट्टीवर घोटणं आणि मातकट रंग वापरणं. पांढरा का लागतो ते सोपं आहे. एक ते दहा अशी पट्टी धरा, एक म्हणजे काळा आणि दहा म्हणजे पांढरा. ट्यूबमधला लेमन येलो नवाच्या आसपास असतो. अल्ट्रामरीन (गडद निळा), विरिडियन (गडद निळसर हिरवा) आणि अलिझरिन (गडद लाल) दोनच्या आसपास. हे शेजारी ठेवले की डोळ्याला रंगाचा फरक दिसण्याआधी उजेड-अंधाराचा फरक दिसतो, आणि तोच टोचतो.

याला शरीरशास्त्रीय कारण आहे. बारीक तपशील ओळखण्यात आपला डोळा उजेडाच्या फरकाला फार तीक्ष्ण आणि निव्वळ रंगाच्या फरकाला बराच बोथट असतो. म्हणून सारख्याच उजळ असलेले निळे आणि गुलाबी ठिपके जवळून एकजीव होतात. फिका पिवळा आणि गडद निळा मात्र खूप लांबूनही सुटे दिसतात.

हिशेबच करून पाहू. चांगली नजर एका अंशाच्या साठाव्या भागाएवढा फरक ओळखते. त्या मापाने १ मिलिमीटर अंतरावरचे ठिपके साधारण साडेतीन मीटरवर एकमेकांत मिसळतात, २ मिलिमीटरचे सातेक मीटरवर, ४ मिलिमीटरचे जवळजवळ चौदा मीटरवर. हे उजेड-अंधाराचा फरक असेल तर. उजळपणा सारखा असेल तर हेच अंतर निम्म्याहूनही कमी होतं. तुमची खोली तीन-साडेतीन मीटर लांब असेल आणि ठिपके तीन मिलिमीटरचे असतील, तर उजळपणा जुळवल्याशिवाय ते विरणं शक्यच नाही.

ते पूर्ण विरावेत असा या चित्रकारांचाही हट्ट नव्हता. अर्धवट मिसळण्याच्या अवस्थेत पृष्ठभाग थरथरल्यासारखा वाटतो, आणि हवा तो तोच परिणाम. पुढे १८९० नंतरच्या दशकात सिन्याक आणि क्रॉस या याच गटातल्या चित्रकारांनी फटकारे इतके मोठे केले की ते फरशीच्या तुकड्यांसारखे वेगळेच दिसतात, तरीही चित्रं उजळ आहेत. यावरून लक्षात येईल की उजळपणा ठिपका विरण्यातून येत नाही, रंगांच्या निवडीतून येतो.

ठिपक्याचा आकार मात्र कॅनव्हासशी बांधलेला असतो. मूळ चित्र सुमारे ६१ × ७४ सेंटिमीटर आहे, तुमचं लांबी-रुंदीत त्याच्या निम्मं. मूळ चित्राच्या छायाचित्रात जो फटकारा ४ मिलिमीटरचा ठरतो तो तुमच्याकडे २ मिलिमीटरचा हवा. २ मिलिमीटरचा एक ठिपका धरला तर चौरस सेंटिमीटरमध्ये २५, म्हणजे तुमच्या कॅनव्हासवर एका थरात साधारण २७ ते २८ हजार ठिपके. दोन सेकंदांना एक या वेगाने पंधरा तासांहून जास्त, आणि थर दोन-तीन. हे काम हळू आहे ते असं. पिसारोने १८८५ मध्ये सरा आणि सिन्याक यांच्या ओळखीनंतर ही पद्धत घेतली, तेव्हा तो पन्नाशी ओलांडलेला होता आणि सरा पंचविशीतला. १८९० च्या सुमारास त्याने ती सोडली. बदलत्या उजेडात झाडाकडे पाहून जे क्षणात वाटतं ते इतक्या संथ हाताने पकडता येत नाही, ही त्याची मुख्य अडचण होती. तुम्हाला कंटाळा येत असेल तर त्यात तुमचा दोष नाही. पण प्रतिकृती करणाऱ्याला उजेड पळून जाण्याची भीती नसते, ही आपली सोय आहे.

आता गवताचं मिश्रण. इथे सर्वांत उपयोगी आधार फेलिक्स फेनेऑन या समीक्षकाचा आहे. ‘नवदृक्प्रत्ययवाद’ हे नाव त्यानेच १८८६ मध्ये दिलं. सराच्या ‘ग्रांद जात’ या प्रसिद्ध चित्रामधल्या सावलीतल्या गवताचं त्याने घटक वेगळे करून वर्णन केलं होतं: बहुतांश ठिपके गवताच्या स्वतःच्या रंगाचे, थोडे नारिंगी म्हणजे झिरपलेलं ऊन, थोडे जांभळट म्हणजे हिरव्याचा विरोधी, आणि उन्हातल्या गवताच्या कडेला आकाशी निळे. प्रत्येक ठिपक्याला कारण आहे, आणि प्रमाण समान नाही.

तुमच्या कॅनव्हाससाठी मी सुरुवातीला असं प्रमाण धरायला सांगेन. उन्हातल्या गवतात शंभर ठिपक्यांपैकी साठ पिवळसर हिरवे, पण त्यांच्याही तीन छटा: लेमन येलोत किंचित विरिडियन, तेच थोडं जास्त विरिडियन घालून, आणि कॅडमियम येलोत किंचित विरिडियन. पंचवीस फिके पिवळे-नारिंगी, हे ऊन. दहा फिके निळसर हिरवे, हे आकाशाचं. आणि पाचच गुलाबी, हा विरोधी. सावलीत पन्नास निळसर हिरवे, पंचवीस अल्ट्रामरीन किंवा कोबाल्टमध्ये पांढरा घालून, अठरा जांभळे, सात नारिंगी-गुलाबी. आकडे पवित्र नाहीत. पण विरोधी रंगाने दहाचा आकडा ओलांडला की गवताचा रंग मरायला लागतो, हे कायम ध्यानात ठेवा. विरोधी शून्यावर नेलात तर गवत प्लास्टिकसारखं सपाट दिसतं, म्हणून थोडा हवाच.

मूळ कॅनव्हासला हात लावण्याआधी प्रायमर दिलेल्या पुठ्ठ्यावर सहा-सहा सेंटिमीटरचे चार चौकोन करा. पहिल्यात वरचं प्रमाण, दुसऱ्यात गुलाबी वीसवर, तिसऱ्यात निम्मं हिरवं आणि निम्मं लाल, चौथ्यात गुलाबी अजिबात नाही. वाळले की भिंतीला लावून तीन मीटरवरून पाहा. एका दुपारचं काम आहे, आणि या पद्धतीबद्दल त्यातून जे कळतं ते कुठल्याही वर्णनातून कळणार नाही.

सावली काळी पडण्याचं कारणही उजळपणाच आहे. सावली म्हणून तुम्ही ट्यूबमधला अल्ट्रामरीन आणि विरिडियन तसेच लावलेत, म्हणजे थेट दोनवर उतरलात. उघड्या मैदानातल्या झाडाची सावली आकाशाच्या उजेडाने भरलेली असते. प्रतिकृतीसाठी उन्हातली जमीन साडेसातच्या आसपास, सावली पाचच्या आसपास आणि खोड साडेतीन-चार धरा. म्हणजे सावलीचा प्रत्येक निळा आणि जांभळा ढीग पांढरा घालून पाचपर्यंत वर आणावा लागेल. सावली गडद करून दाखवायची नाही, थंड करून दाखवायची. उबदार जमिनीशेजारी पाचवरचा निळाही पुरेसा खोल वाटतो. तपासायला मोबाइलवर चित्राचा कृष्णधवल फोटो काढा आणि मूळ चित्राच्या कृष्णधवल प्रतीशेजारी ठेवा. एका क्षेत्राच्या आत ठिपके वेगवेगळे उठून दिसत असतील तर त्यांचा उजळपणा जुळलेला नाही. तो रंग पुसा, ढिगात पांढरा किंवा शेजारचा गडद रंग घाला, मग पुन्हा द्या.

काठावर मात्र उलट वागायचं. सावली जिथे उन्हाला भिडते तिथे सावलीचे ठिपके पाऊण ते एक पायरी गडद आणि जास्त निळे करा. त्याच काठाबाहेरचे उन्हाचे ठिपके अर्धी पायरी उजळ आणि किंचित नारिंगी. पट्टा एक सेंटिमीटरपेक्षा रुंद नको. शेव्हरलने सांगितलेला परिणाम डोळ्यात आपोआप होतो, आपण त्याला थोडा जोर देतो. पट्टा रुंद झाला की आकाराभोवती प्रभावळ दिसते, आणि झाड कापून चिकटवल्यासारखं वाटतं.

आतापर्यंतचं थोडक्यात: एका क्षेत्राच्या आत नात्यातले रंग, उजळपणा सारखा, विरोधी रंग चिमूटभर, विरोध मोठ्या आकारांमध्ये आणि काठांवर.

कामाचा क्रम. पहिल्यांदा कोळशाने किंवा पेन्सिलीने चार-पाच छटांचं रेखाटन, ठिपके नाहीत, फक्त गडद-उजळ पॅच. सराची काळ्या काँते खडूची चित्रं पाहा, तिथे रेषा जवळजवळ नाहीच आणि सगळा आकार छटांनी उभा आहे. या पायावर वाईट ठिपकेही तग धरतात. पाया कच्चा असेल तर उत्तम ठिपकेही चित्र उभं करू शकत नाहीत.

मग कॅनव्हासवर टर्पेंटाइनने पातळ केलेल्या रंगाचा हलका हात द्या, प्रत्येक क्षेत्राला त्याचा मूळ रंग: गवताला फिका पिवळसर हिरवा, सावलीला फिका निळसर जांभळा, खोडाला तांबूस जांभळा. हा थर टाळू नका. गोल ठिपके एकमेकांना टेकवून ओळीत मांडले तरी पाचव्या हिश्श्याइतकी जागा उघडी राहते. तिथून पांढरा कॅनव्हास डोकावला तर सगळं खडूसारखं फिकं होतं. पुरळाचं दुसरं कारण हेच. खालचा थर योग्य रंगाचा असेल तर ती उघडी जागाही चित्रात काम करते. पातळ थर एक-दोन दिवसांत हाताला सुका लागतो.

त्यावर पहिले फटकारे मोठे, चार-पाच मिलिमीटरचे, एकमेकांना तिरके छेदणारे. सराने आणि पिसारोनेही सगळीकडे गोल ठिपके दिलेले नाहीत. फटकाऱ्याला दिशा असते: गवतात तिरकी-उभी, खोडात उभी, लांबच्या शेतात आडवी आणि बारीक. लांबच्या भागात ठिपके लहान आणि रंग एकमेकांच्या अधिक जवळचे ठेवलेत की अंतर आपोआप तयार होतं. पुढच्या गवतात रंगांमधला फरक वाढवा. हा थर पाच ते सात दिवस वाळू द्या. कोबाल्टचे रंग लवकर वाळतात, अलिझरिन आणि कॅडमियम रेंगाळतात, त्यामुळे सगळीकडे बोट लावून पाहा. ओल्यावर ओला ठिपका दिलात की तो खालचा रंग उचलतो, आणि विरोधी रंग कॅनव्हासवरच घोटले जातात. तुमच्या राखाडी रंगात याचाही वाटा असणार.

तिसरा थर दोन मिलिमीटरच्या ठिपक्यांचा, आणि तो सगळीकडे नाही. फक्त जिथे रंग झुकवायचा आहे तिथे. गवत थंड वाटतंय तर नारिंगी, जळजळीत वाटतंय तर निळसर हिरवा, एकसुरी वाटतंय तर चार-दोन गुलाबी. दर दहा मिनिटांनी उठून तीन मीटर मागे जा. ठिपका जवळून देतात पण ठरवायचा लांबून. इझलसमोर बसून राहिलात तर तासाभरात हात यंत्रासारखा चालायला लागतो आणि सगळीकडे सारखंच मिश्रण पडतं.

रंगपट्टीची तयारी आधीच करा. माझ्या मते या चित्राला नऊ ट्यूब पुरतात: लेमन येलो, कॅडमियम येलो, कॅडमियम ऑरेंज, कॅडमियम रेड, अलिझरिन, कोबाल्ट ब्ल्यू, अल्ट्रामरीन, विरिडियन आणि टायटॅनियम व्हाइट. जांभळा अलिझरिन आणि अल्ट्रामरीनमधून. काळा, बर्न्ट अंबर, यलो ऑकर बाजूला ठेवा. यातून अठरा-वीस ढीग करून घ्या आणि उजळपणाच्या ओळींत मांडा: एक ओळ साडेसातची, एक पाचची, एक साडेतीनची. मग हाताला चुकायला जागाच राहत नाही, कारण सावली रंगवताना तुम्ही फक्त पाचच्या ओळीतून रंग उचलता. ताट प्लास्टिकच्या पातळ कागदाने घट्ट झाकलं तर तेलरंग तीन-चार दिवस टिकतो. टायटॅनियम व्हाइट फार जोरकस आहे, कणाकणाने घाला. पिवळा उजळ करायला पांढऱ्याऐवजी लेमन येलो वापरा, नाहीतर ऊन दुधाळ होतं.

ट्यूब विकत घेताना रंगद्रव्याकडेही लक्ष द्या. ‘ग्रांद जात’मध्ये सराने वापरलेला झिंक येलो काही वर्षांतच काळवंडला. पिवळे ठिपके मातकट झाले, नारिंगी तपकिरीकडे गेले आणि पोपटी हिरवे ऑलिव्हसारखे झाले. आज आपण ते गवत पाहतो ते मूळपेक्षा बरंच मंद आहे. छापील चित्रातून त्याचे रंग उचलून ‘सरा असंच रंगवायचा’ असं मानणं त्यामुळे धोक्याचं. क्रोमेट असलेले स्वस्त पिवळे टाळा.

कापसाची काडी नको. तिचा ठिपका गोल, एकाच मापाचा आणि दिशाहीन असतो, शिवाय ती रंग शोषून घेते आणि कडा धूसर करते. दोन किंवा तीन नंबरचा गोल ब्रश आणि चार नंबरचा छोटा चपटा ब्रश घ्या. रंग लोण्याइतका घट्ट हवा. ट्यूबमधून फार तेल सुटत असेल तर ढीग तासभर टिपकागदावर ठेवून तेल शोषू द्या. ब्रश टेकवा, किंचित ओढा, उचला. आठ-दहा ठिपक्यांनंतर फडक्याला पुसून पुन्हा भरा. रंगागणिक वेगळा ब्रश ठेवता आला तर फारच चांगलं. निदान उबदार आणि थंड रंगांचे ब्रश वेगळे ठेवाच, अर्धी मळकटी तिथेच थांबते.

ॲक्रिलिकबद्दल उत्तर तुमच्या स्वभावावर आहे. ठिपका काही मिनिटांत वाळतो, त्यामुळे ओल्यावर ओला जाण्याचा त्रास संपतो आणि आठवड्यांचं काम दिवसांत होतं. पण वाळल्यावर रंग थोडा गडद होतो. उजळपणावर सगळं उभं असताना हे अडचणीचं आहे, म्हणून प्रत्येक ढिगाचा नमुना कागदावर वाळवून मगच ओळीत ठेवा. आपल्याकडच्या एप्रिल-मेमध्ये रंगपट्टीवरचा ढीग पंधरा मिनिटांत कातडं धरतो. पसरट डब्यात ओला टिश्यू, त्यावर बटर पेपर आणि त्यावर रंग, वरून झाकण, असं केलं तर दोन-तीन दिवस निघतात. घट्ट प्रकारचंच ॲक्रिलिक घ्या, पातळ असेल तर ठिपका सपाट होऊन पसरतो. हातातली प्रतिकृती मात्र तेलातच पुरी करा. तेलरंगावर ॲक्रिलिक धरत नाही, काही काळाने सुटून येतं.

सध्याचा कॅनव्हास फेकायची गरज नाही. पूर्ण वाळू द्या. मग सावलीवर पाचच्या ओळीतल्या फिक्या निळ्या-जांभळ्याचे तिरके फटकारे द्या, खालचं निम्मं झाकलं जाईल इतके. गडद ठिपके अधूनमधून दिसत राहिले तर तीच खोली होईल. उन्हातल्या गवतावर आधी फक्त पिवळसर हिरव्याच्या तीन छटा फिरवा, लाल ठिपके शोधून शोधून झाका. विरोधी रंगाकडे आठवडाभर वळूच नका. आधी सावली करा, मग ऊन. सावली वर आली की ऊन किती उजळ हवं ते नेमकं कळतं, आणि बऱ्याचदा वाटलं होतं त्यापेक्षा कमीच काम उरतं.

शेवटचा प्रश्न व्हार्निशचा. चमकदार व्हार्निश गडद रंग आणखी खोल करतं आणि प्रत्येक ठिपक्याच्या उंचवट्यावर चकाकी आणतं. इतक्या कष्टाने जुळवलेला उजळपणा त्यात बिघडतो. पिसारोला चकचकीत पृष्ठभाग आवडत नसे. तो काचेखाली आणि पांढऱ्या चौकटीत चित्रं लावणं पसंत करी, कारण त्या काळच्या सोनेरी चौकटीचा पिवळा-नारिंगी चित्रातल्या रंगांवर चढतो. तुम्हीही तेच करा. चित्र किमान सहा महिने उघडं वाळू द्या. काच रंगाला टेकू नये म्हणून चौकटवाल्याला आत चार-पाच मिलिमीटरची पट्टी घालायला सांगा, आणि चौकट शुभ्र न घेता किंचित करडेपणा असलेली पांढरी घ्या. शुभ्र घेतलीत तर तिच्याशेजारी उन्हातलं गवत पुन्हा मंद वाटेल.